फोटोची शोभेची टाइल घरी कशी बनवावी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

गुळगुळीत पांढऱ्या सिरॅमिक टाइलवर छापील फोटो चिकटवायचा, त्यावर पारदर्शक थर चढवायचे आणि ती टाइल टेबलावर, कपाटात किंवा भिंतीवर मांडायची, एवढ्या एका वाक्यात हे काम सांगता येते. त्यासाठी भट्टी लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही आणि चित्रकलेचा हातही लागत नाही. तरीही नवख्यांच्या अनेक टाइल्स बिघडतात. कुठे फोटोवर सुरकुत्या पडतात, कुठे शाई पसरते, कुठे कडा उचकटतात, तर कुठे वरचा थर दुधाळ दिसू लागतो. या चारही दोषांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे ओलावा. गोंदातले पाणी कागदात किती शिरते, ते कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि पुढचा थर देण्यापूर्वी आपण त्याला बाहेर पडायला पुरेसा वेळ देतो का, यावर टाइल टिकणार की नाही हे ठरते. म्हणून पुढे प्रत्येक पायरी सांगताना कागद भिजताना आणि वाळताना काय घडते, याकडे विशेष लक्ष दिले आहे. ते एकदा समजले की हाताशी असलेला गोंद किंवा वॉर्निश कोणत्या कंपनीचे आहे, याने फारसा फरक पडत नाही.

कोणती पद्धत निवडावी

टाइलवर फोटो उतरवण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांतला सर्वांत टिकाऊ मार्ग भाजण्याचा आहे. त्यात खनिज रंगांनी तयार केलेली प्रतिमा भट्टीत भाजून ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाच्या, थरात पक्की केली जाते. या प्रकारच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये १८५४ साली दोन छायाचित्रकारांनी घेतले होते आणि स्मारकांवर दिसणारे चिनी मातीवरचे फोटो याच तत्त्वाने बनतात. घरी मात्र हे शक्य नाही. दुसरा मार्ग सब्लिमेशनचा आहे. त्यात खास शाईने छापलेला कागद सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाच्या हीट प्रेसमध्ये टाइलवर दाबतात आणि शाई वायुरूप होऊन टाइलवरच्या पॉलिमरच्या थरात शिरते. असा थर आधीच दिलेल्या टाइल्स वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. साध्या ग्लेझ केलेल्या टाइलवर ही शाई धरत नाही.

तिसरी पद्धत प्रतिमा उतरवण्याची आहे. लेझर प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढून ती अ‍ॅक्रिलिक जेल मीडियमने टाइलवर पालथी चिकटवतात, दिवसभर वाळू देतात आणि मग कागद ओला करून बोटांनी हळूहळू चोळून काढतात. कागद निघून जातो आणि टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची रंगीत भुकटी, मागे राहतो. या पद्धतीत फोटोतला पांढरा भाग म्हणजे खुद्द टाइलचा पांढरा रंग असतो, त्यामुळे परिणाम सुंदर येतो. पण कागद चोळताना चेहऱ्यावरचा टोनरही निघण्याचा धोका असतो. हात बसल्यानंतर ही पद्धत जरूर करून पाहावी, पहिल्या टाइलसाठी मात्र ती निवडू नये.

चौथी पद्धत कागदच टाइलवर कायमचा चिकटवण्याची आहे आणि पुढील सर्व मार्गदर्शन तिच्याविषयी आहे. ती सोपी आहे म्हणूनच नव्हे, तर वरचा पक्का थर देण्यापूर्वी चूक लक्षात आली तर टाइल भिजवून पुन्हा कोरी करता येते, म्हणूनही ती शिकण्यासाठी योग्य आहे.

फोटो आणि त्याची छपाई

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की ठरवावी. जुना, एकुलता एक छापील फोटो कधीही टाइलवर चिकटवू नये. त्याचे स्कॅन करावे, मूळ फोटो जपून ठेवावा आणि काम नेहमी प्रतीवरच करावे. टाइल हातातून निसटून फुटू शकते आणि आजी-आजोबांचा तरुणपणीचा फोटो पुन्हा काढता येत नाही. लहान आकाराचा जुना फोटो मोठा करायचा असेल तर स्कॅन ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) करावे, म्हणजे दुप्पट मोठा छापला तरी त्याचा तपशील ३०० डीपीआयच्या दर्जाचा राहतो.

छपाईसाठी ३०० डीपीआय हे सोयीचे प्रमाण आहे. १० सेंटिमीटरच्या टाइलवर साधारण ९.४ सेंटिमीटरचा चौकोनी फोटो बसतो आणि त्यासाठी प्रत्येक बाजूला सुमारे १,११० पिक्सेल लागतात. १५ सेंटिमीटरच्या टाइलवर १४.४ सेंटिमीटरचा फोटो घेतला तर सुमारे १,७०० पिक्सेल हवेत. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोत एवढे पिक्सेल सहज असतात. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो मात्र वाटेत लहान झालेला असू शकतो, म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवून घ्यावी.

टाइल चौकोनी आणि फोटो बहुधा आयताकृती असल्यामुळे कापाकापी अटळ असते. ती संगणकावर किंवा मोबाइलवर आधीच करावी आणि चेहरे, हात किंवा अक्षरे कडेपासून किमान अर्धा सेंटिमीटर आत राहतील याची काळजी घ्यावी. लहान टाइलवर एक-दोन चेहरे असलेला जवळचा फोटो खुलतो. वीस माणसांचा समूहफोटो त्यावर ओळखूही येत नाही. साध्या कागदावर छापलेले रंग थोडे गडद होतात आणि वरून थर चढल्यावर आणखी गडद दिसतात, म्हणून छापण्यापूर्वी फोटोचा उजेड किंचित वाढवावा. सावलीतला चेहरा असेल तर हे विसरू नये.

आता कागद आणि शाई यांचा विचार करू, कारण पुढचे निम्मे यश येथेच ठरते. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची अतिसूक्ष्म रंगीत भुकटी असते. ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असल्यामुळे पाण्याने पसरत नाही. इंकजेट प्रिंटरच्या अनेक शाया मात्र पाण्यात विरघळणाऱ्या असतात आणि पाण्यावर आधारित गोंद लागताच चेहऱ्याचा रंग कपड्यांत मिसळू लागतो. म्हणून लेझर प्रिंट घ्यावी, हे उत्तम. घरी इंकजेट प्रिंटरच असेल तर एका जादा प्रिंटच्या कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून पाहावा. रंग कापसाला लागला, तर प्रिंट पूर्ण वाळल्यानंतर तिच्या दोन्ही बाजूंवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन अतिशय पातळ थर द्यावेत आणि मगच पुढे जावे. स्प्रे नेहमी मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर आणि २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून मारावा.

कागद ८० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम वजनाचा) साधा, गुळगुळीत असावा. फोटोपेपर पाहून मोह होतो, पण तो या कामाला सोयीचा नाही. त्यावर सहसा प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे गोंदातले पाणी कागदातून बाहेर पडू शकत नाही. मधला गोंद अनेक दिवस ओला राहतो आणि जाड कागद आपल्या ताठरपणामुळे कडेला उचकटत राहतो. साधा कागद पाणी पिऊन मऊ होतो आणि वरच्या बाजूने वाळतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे.

छापताना प्रिंटरच्या पर्यायांत 'फिट टू पेज' नव्हे, तर 'अ‍ॅक्च्युअल साइझ' म्हणजेच १०० टक्के आकार निवडलेला आहे ना, हे पाहावे. अन्यथा मोजून तयार केलेला फोटो नकळत लहान-मोठा छापला जातो. प्रत्येक फोटोच्या दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात.

टाइल

भिंतीसाठी मिळणारी पांढरी, सपाट, चकचकीत ग्लेझची सिरॅमिक टाइल सर्वांत योग्य आहे. पांढरी असण्याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. गोंद मुरल्यावर साधा कागद काही प्रमाणात पारदर्शक होतो आणि खालचा रंग त्यातून डोकावतो. क्रीम रंगाच्या टाइलवर सगळा फोटो पिवळसर दिसतो. उठावाचे नक्षीकाम किंवा खडबडीत पोत असलेली टाइल घेऊ नये, कारण खळग्यांत हवा अडकते. टाइल सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. ती डुगडुगत असेल तर बाजूला ठेवावी.

टाइलच्या आकाराविषयी पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये. १० सेंटिमीटरची म्हणून मिळणारी टाइल प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर लहान असू शकते, आणि अनेक टाइल्सच्या कडा गोलाकार उतरत्या असतात. फोटोचा कागद हा उतार सुरू होण्याच्या आत संपला पाहिजे. म्हणून आधी टाइल प्रत्यक्ष मोजावी, मग फोटोचा आकार ठरवावा आणि छपाई सर्वांत शेवटी करावी.

टाइल साबणाच्या पाण्याने धुऊन पुसावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने तिचा पृष्ठभाग पुसावा. बोटांचे तेल डोळ्यांना दिसत नाही, पण गोंद त्याच ठिकाणी सुटतो. यानंतर टाइल कडेनेच धरावी. धुतलेल्या टाइलची मागची बाजू बिनग्लेझची आणि सच्छिद्र असते व ती बरेच पाणी शोषून ठेवते, म्हणून टाइल्स एक रात्र उभ्या करून वाळवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू करावे.

कापणे

कागद टाइलच्या कडेपासून प्रत्येक बाजूने सुमारे ३ मिलिमीटर आत राहील, असा कापावा. टाइलच्या अगदी टोकापर्यंत फोटो नेण्याची इच्छा होते, पण भोवती राहिलेली ही बारीक पांढरी पट्टी फार मोलाची आहे. तिच्यावर वरचे थर थेट ग्लेझला चिकटतात आणि कागदाची कड आतमध्ये बंद होते. पुढे टाइल ओल्या फडक्याने पुसली गेली तरी पाणी कागदापर्यंत पोहोचत नाही. शिवाय ही पट्टी चौकटीसारखी दिसते. कापण्यासाठी कात्रीऐवजी स्टीलची पट्टी आणि नवे पाते लावलेला कटर वापरावा. बोथट पाते ओल्या-सुक्या कागदाचे तंतू ओढते आणि अशी विस्कटलेली कड गोंद जास्त पिते. कापल्यानंतर फोटो कोरड्या टाइलवर ठेवून पाहावा आणि दोन कोपऱ्यांच्या जागा पेन्सिलने अगदी फिक्या ठिपक्यांनी खुणावाव्यात.

चिकटवणे

या कामासाठी पीव्हीए प्रकारचा, वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद किंवा डेकूपाजसाठी, म्हणजे वस्तूंवर कागदी चित्रे चिकटवण्याच्या कलेसाठी, मिळणारे माध्यम चालते. गोंद फार घट्ट असेल तर त्यात थोडे पाणी मिसळून तो ताकाइतका पातळ करावा. याहून पातळ केला तर कागद आवश्यकतेपेक्षा जास्त भिजतो.

येथे कागदाचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. भिजल्यावर कागद वाढतो, आणि तोही सर्व बाजूंनी सारखा नव्हे, तर त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक. साडेनऊ सेंटिमीटरचा कागद एका दिशेने मिलिमीटरभर वाढू शकतो. कोरडा कागद ओल्या गोंदावर ठेवला की तो टाइलला चिकटल्यानंतर वाढू लागतो. वाढायला जागा नसते, म्हणून तो वर उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. यावर उपाय साधा आहे. कागद टाइलवर ठेवण्याआधीच त्याला वाढू द्यावे. फोटो पालथा ठेवून त्याच्या मागच्या बाजूला गोंदाचा पातळ हात मारावा, त्याच वेळी टाइलवरही तसाच पातळ, सारखा हात मारावा आणि अर्धा ते एक मिनिट थांबावे. कागदाच्या कडा आधी वळतात आणि मग कागद पुन्हा सैल होऊन सपाट पडतो. तो असा सैल झाला की चिकटवण्याची वेळ झाली असे समजावे.

फोटोची एक कड पेन्सिलच्या खुणांवर टेकवावी, उरलेला भाग हाताने थोडा उंच धरावा आणि तो हळूहळू खाली सोडत जावा. म्हणजे हवा पुढे-पुढे ढकलली जाते. संपूर्ण कागद एकदम वरून ठेवला तर मध्ये हवा कोंडली जाते. जागा किंचित चुकली असेल तर पहिल्या काही सेकंदांत कागद सरकवता येतो. त्यानंतर ओढू नये, कारण ओला कागद ताणला जातो आणि फाटतोही.

आता फोटोवर बेकिंग पेपर किंवा पातळ प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद ठेवावा आणि मध्यभागापासून कडांकडे, मऊ कापडाच्या बोळ्याने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने, हलक्या दाबाने गोंद बाहेर काढत जावे. थेट ओल्या फोटोवर कार्ड फिरवू नये, कारण त्याने टोनर खरवडला जातो. कडेने बाहेर आलेला गोंद ओलसर फडक्याने लगेच पुसून घ्यावा. सारा गोंद पिळून काढणे हा आपला उद्देश नाही. फक्त तो सर्वत्र सारखा पातळ व्हावा आणि हवा निघून जावी, एवढेच पाहायचे आहे.

एखादा बारीक फुगा राहिला तर पहिली काही मिनिटे तो वरून दाबून कडेकडे नेता येतो. कड दूर असेल तर बारीक सुईने टोचून हवा काढावी आणि जागा दाबावी. पातळ सुरकुत्या मात्र ओल्या असताना घासत बसू नयेत. कागद वाळताना आकसतो आणि त्यांतल्या बऱ्याच स्वतःहून ताणल्या जाऊन नाहीशा होतात. नवखे लोक नेमके या वेळी जास्त दाब देऊन फोटो फाडतात, म्हणून हात मागे घ्यायला शिकणे फार आवश्यक आहे.

टाइल सपाट जागी, पंख्याच्या थेट झोताबाहेर ठेवून वाळू द्यावी. हेअर ड्रायरने घाई करू नये. वरचा पृष्ठभाग आधी वाळून खालचे पाणी अडकले, तर ते पुढे फुगा होऊन बाहेर येते. साधारण तासाभरात पृष्ठभाग कोरडा लागतो, दमट हवेत बराच अधिक वेळ लागतो. टाइलला हाताचा मागचा भाग टेकवून पाहावा. ती दुसऱ्या कोरड्या टाइलपेक्षा गार लागत असेल तर तिच्यातून अजून पाणी उडत आहे, असे समजावे.

वरचे थर

फोटो पक्का वाळल्यावर त्याच गोंदाचा पहिला हात वरून मारायचा असतो. मऊ, रुंद, केस न गळणारा ब्रश घ्यावा आणि एकाच दिशेने, कडेपलीकडे पांढऱ्या पट्टीवर येईल असा पातळ हात मारावा. गोंद पांढरा दिसल्यामुळे फोटो झाकला गेल्यासारखा वाटतो, पण वाळला की तो निवळतो. या वेळी कागद पुन्हा थोडा फुगलेला दिसू शकतो. त्याला हात लावू नये, वाळल्यावर तो बसतो. पहिला हात आडवा दिला असेल तर दुसरा उभा द्यावा, म्हणजे ब्रशच्या रेघा एकमेकींत मिसळतात. असे तीन-चार पातळ हात पुरतात आणि प्रत्येक दोन हातांमध्ये आधीचा थर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचे असते. एकच जाड हात देऊन वेळ वाचत नाही, कारण जाड थराचा वरचा भाग आधी वाळतो आणि खाली दुधाळ ढग राहतो.

पृष्ठभाग अगदी गुळगुळीत हवा असेल तर तिसऱ्या हातानंतर, थर पूर्ण वाळल्यावर, ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने अतिशय हलके घासावे, धूळ पुसावी आणि शेवटचा हात द्यावा. दोनच हातांनंतर घासले तर पॉलिश पेपर थेट फोटोपर्यंत पोहोचतो.

पीव्हीए गोंद वाळल्यावरही पाण्यापुढे पूर्ण टिकत नाही. थेंब बराच वेळ राहिला तर पांढरा डाग उमटतो. म्हणून त्यावर पाण्याला टिकणारा शेवटचा थर हवाच. पाण्यावर आधारित पारदर्शक अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन-तीन हात, डब्यावर दिलेल्या अंतराने, द्यावेत. तेलावर आधारित पॉलियुरेथेन मजबूत असते, पण त्याला सुरुवातीपासून मधासारखी छटा असते आणि ती काळानुसार वाढते, म्हणून फोटोवर ते टाळावे. चेहऱ्याचे आणि कृष्णधवल फोटो मॅट वॉर्निशखाली अधिक शांत दिसतात आणि त्यांवर खिडकीचा उजेड चमकत नाही. निसर्गदृश्ये आणि फुलांचे फोटो ग्लॉसखाली खुलतात. माझा स्वतःचा कल मॅटकडे आहे, कारण कोणत्याही कोनातून पाहिले तरी चेहरा दिसतो.

थर हाताला कोरडे लागले तरी आतून पूर्ण पक्के व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात. या काळात टाइल्स एकमेकींवर रचू नयेत, त्या चिकटतात.

काचेसारखा जाड थर हवा असेल तर

इपॉक्सी रेझिनचा थर दिल्यावर फोटो काचेखाली ठेवल्यासारखा खोल दिसतो. पण रेझिन हे रसायन आहे आणि त्याच्याशी आदराने वागले पाहिजे. न घट्टलेले रेझिन आणि त्यात मिसळायचा, ते घट्ट करणारा हार्डनर वारंवार त्वचेला लागल्यास अ‍ॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना या पायरीपासून दूर ठेवावे. चुकून त्वचेला लागलेच तर थिनरने न पुसता साबण आणि पाण्याने धुवावे.

रेझिन देण्याआधी गोंदाचे थर किमान २४ तास वाळलेले असावेत. कागदाचा एखादा भाग गोंदाने बंद झालेला नसेल तर रेझिन त्यात मुरते आणि तेलाचा डाग पडल्यासारखी गडद, पारदर्शक खूण कायमची उमटते. टाइलच्या मागच्या कडांना मास्किंग टेप लावावी, टाइल लहान पेल्यावर टेबलापासून उंच ठेवावी आणि ती पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट आहे का ते तपासावे. १० सेंटिमीटरच्या टाइलवर २ मिलिमीटर जाडीच्या थरासाठी २० मिलिलिटर मिश्रण लागते, आणि कडेवरून ओघळणारे व पेल्याला चिकटून राहणारे धरून थोडे जास्त घ्यावे.

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितले असेल तेच आणि तसेच ठेवावे. ते आकारमानाने सांगितले आहे की वजनाने, हे वाचावे, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्यामुळे आकारमानाचे एकास-एक हे प्रमाण वजनाला लागू पडत नाही. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालणाऱ्याच्या पदरी कायम चिकट राहणारी टाइल पडते. मिश्रण सुमारे तीन मिनिटे, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत, सावकाश ढवळावे आणि मग दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा थोडे ढवळावे, म्हणजे भांड्याला चिकटलेला न मिसळलेला भाग टाइलवर जात नाही. एकाच वेळी मोठे मिश्रण बनवून पेल्यात ठेवू नये, कारण घट्ट होण्याच्या प्रक्रियेतून उष्णता निर्माण होते आणि पेला धोकादायकरीत्या तापू शकतो.

मिश्रण मध्यभागी ओतून लाकडी काडीने कडांपर्यंत पसरवावे. वर येणारे बुडबुडे हीट गन काही सेकंद दुरून फिरवल्यास फुटतात, उरलेले टूथपिकने फोडावेत. नंतर टाइलवर स्वच्छ खोके पालथे घालावे, नाहीतर प्रत्येक धूलिकण कायमचा आत राहतो. खोलीचे तापमान २२ ते २५ अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी असेल तर पृष्ठभाग स्वच्छ येतो. दमट, गार हवेत त्यावर मेणचट किंवा धूसर थर येऊ शकतो. साधारण एका दिवसात रेझिन हाताला घट्ट लागते, पूर्ण पक्के व्हायला तीन दिवस किंवा अधिक लागतात. रेझिन अर्धवट घट्ट असतानाच मागची टेप काढली तर ओघळ तिच्याबरोबर निघून येतात.

एक फोटो अनेक टाइल्सवर

चार किंवा नऊ टाइल्सवर मिळून एकच मोठा फोटो करण्याची कल्पना आकर्षक आहे, पण त्यात सांध्यांचा हिशेब आधी करावा लागतो. टाइल्समध्ये ३ मिलिमीटरची फट असेल आणि प्रत्येक कागद कडेपासून ३ मिलिमीटर आत असेल, तर दोन शेजारच्या चित्रांमध्ये एकूण ९ मिलिमीटरचा पांढरा पट्टा येतो. फोटोचे तुकडे तसेच सलग कापून लावले, तर चित्र त्या पट्ट्याइतके फाकते आणि तिरप्या रेषा तुटलेल्या दिसतात. त्याऐवजी संगणकावर प्रत्येक सांध्याच्या जागचा ९ मिलिमीटरचा भाग फोटोतून वगळावा. मग चित्र खिडकीच्या गजांमागे असल्यासारखे सलग वाटते. वगळलेल्या भागात डोळा किंवा ओठ येत असतील तर फोटो सरकवून घ्यावा. सर्व टाइल्स एकाच खोक्यातल्या घ्याव्यात आणि सर्व फोटो एकाच वेळी, एकाच प्रिंटरवर छापावेत, म्हणजे आकार आणि रंग जुळतात.

वापर, मांडणी आणि दुरुस्ती

ही टाइल शोभेची आहे आणि तिचा वापर त्याच मर्यादेत करावा. न्हाणीघराच्या भिंतीवर, शेगडीच्या मागे किंवा जमिनीवर ती लावू नये. तिच्यावर थेट अन्न ठेवू नये. पेल्याखाली ठेवायची असेल तर फक्त थंड पेयांसाठी वापरावी, कारण बरेचसे इपॉक्सी रेझिन गरम चहाच्या पेल्याने मऊ होते आणि त्यावर कायमचे वर्तुळ उमटते. थेट उन्हात इंकजेटचे रंग उडतात आणि रेझिन पिवळे पडते. स्वच्छतेसाठी कोरडे किंवा किंचित ओलसर मऊ फडके पुरते, पाण्यात बुडवून धुऊ नये.

टेबलावर ठेवण्यासाठी छोटा तिपाई स्टँड घ्यावा किंवा मागे चार कोपऱ्यांना फेल्टचे तुकडे लावावेत, म्हणजे लाकडावर ओरखडे उठत नाहीत. भिंतीवर टांगायची असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप थेट टाइलच्या मागे लावू नये. मागची बाजू खाचांची आणि भुकटीसारखी असते, तिच्यावर टेप धरत नाही आणि टाइल रात्री-अपरात्री कोसळते. मागची भुकटी ताठ ब्रशने झाडावी, दोन भाग मिसळून बनणाऱ्या इपॉक्सी गोंदाने पातळ प्लायवूडचा तुकडा चिकटवावा, तो एक दिवस पक्का होऊ द्यावा आणि हुक त्या लाकडाला लावावा. १५ सेंटिमीटरची टाइल रेझिनसह पाव किलोच्या पुढे सहज जाते, त्यामुळे हुक आणि खिळा त्या भाराला पुरेसे असावेत.

वॉर्निश किंवा रेझिन देण्यापूर्वी काम बिघडले असेल तर टाइल कोमट साबणाच्या पाण्यात काही तास भिजत ठेवावी. गोंद मऊ होतो, कागद प्लॅस्टिकच्या उलथन्याने सुटतो आणि धुऊन वाळवलेली टाइल पुन्हा नव्यासारखी वापरता येते. वॉर्निशखाली नंतर एखादी कड उचललेली दिसली तर बारीक ब्रशने त्याखाली थोडा गोंद घालावा, बेकिंग पेपर ठेवून त्यावर वजन द्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी वॉर्निशचा एक हात द्यावा. रेझिनखालचा दोष मात्र काढता येत नाही, म्हणून रेझिन ओतण्याच्या आदल्या दिवशी टाइल तिरप्या उजेडात धरून चारही कडा तपासाव्यात आणि जेथे चमक तुटलेली दिसेल तेथे गोंदाचा आणखी एक पातळ हात मारून ठेवावा.